नुसते पाहणे

पहिल्या युरोप-सफरीहून आम्ही उभयता परतलो, तेव्हा शेजारच्या आजी भेटावयास आल्या. त्यांच्यासाठी आणलेली जपमाळ त्यांनी कपाळाला लावली, चॉकलेटची पुडी नातवासाठी बाजूला ठेवली आणि मग सहज विचारले, "एवढ्या लांब गेलात, महिनाभर राहिलात. तिथं ना कुणी नातेवाईक, ना काही काम. मग केलंत तरी काय?"

"पाहिलं," आम्ही म्हणालो.

"नुसतं पाहिलं?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. वाडीतील विहीर, बाजार, चर्च आणि दवाखाना ह्यांपलीकडे ज्यांनी कामावाचून कधी पाऊल टाकले नाही, त्यांना केवळ पाहण्यासाठी समुद्रापार जाणे ही गोष्ट खरोखरच उमगली नव्हती. त्या दिवशी आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु पुढील काही वर्षांत आणखी दोनदा तिकडे जाणे झाले आणि दरवेळी आजींचा प्रश्न आम्हांला कुठे ना कुठे आडवा आला.

आमच्या सफरी तशा संथ असतात. बारा दिवसांत आठ देश दाखवणाऱ्या सहलींना आम्ही नावे ठेवीत नाही. मात्र आमच्यापैकी एकाचे गुडघे आणि दुसऱ्याची झोप ह्यांना तो वेग मानवत नाही. एका गावी आठ-दहा दिवस मुक्काम, सकाळी मंडईत फेरफटका, दुपारी विश्रांती, संध्याकाळी एखादेच चर्च किंवा एखादाच पूल, असा आमचा क्रम. खर्च आमच्या निवृत्तीच्या पुंजीतून होतो. त्याच पैशात धर्मग्रामातील एखाद्या मुलाचे शिक्षण झाले असते, हा आक्षेप आम्ही स्वतःवरच अनेकदा घेतला आहे. काही रक्कम आधी बाजूला काढून दिली, असे सांगून मन शांत करता येते, आक्षेप मात्र तसाच उरतो. तो खरा आहे, एवढेच कबूल करून आम्ही पुढे जातो. कारण आजींचा प्रश्न पैशाचा नव्हताच. तो पाहण्याचा होता.

त्या पहिल्याच सफरीत, २०१६ साली, रोममध्ये घडलेली एक गोष्ट आम्ही आजींना सांगितली नव्हती. पियाझ्झा नवोनाजवळ संत ऑगस्टीनचे चर्च आहे. त्याच्या डावीकडील पहिल्या उपवेदीवर कॅरावॅज्जो ह्या चित्रकाराने १६०४ ते १६०६ च्या सुमारास रंगवलेले लोरेतोच्या मारियामातेचे चित्र आहे. रोमच्या चर्चमधून अशा चित्रांपाशी बहुधा एक पेटी असते. तीत नाणे टाकले की काही वेळ दिवा लागतो. आम्ही उत्साहाने गेलो, नाणे टाकले, लख्ख उजेड पडला. तेव्हा कुठे आम्हांला दिसले की समोरच्या बाकावर अंधारात एक प्रौढ बाई बसल्या होत्या. हातात रुमाल, डोळे ओले. त्यांनी वर पाहिले, एकवार आमच्याकडे पाहिले, आणि काही न बोलता उठून त्या निघून गेल्या. आम्ही चित्र पाहत उभे राहिलो. खरे सांगायचे तर, पाहत असल्यासारखे उभे राहिलो.

त्या चित्रात एका घराच्या उंबरठ्यावर मारिया अनवाणी उभी आहे, कडेवर बाळ येशू. समोर दोन गरीब यात्रेकरू गुडघे टेकून बसले आहेत: डोक्याला मळके फडके गुंडाळलेली एक म्हातारी आणि एक पुरुष. त्या पुरुषाचे मळलेले तळवे थेट पाहणाऱ्याच्या तोंडासमोर येतात. हे चित्र प्रथम लागले तेव्हा त्या पायांवरून रोममध्ये बराच गलका झाला होता, असे सांगतात. ते दोघेही पाहावयासच आले आहेत, परंतु दाराबाहेर आणि गुडघ्यांवर. आम्ही मात्र सरळ आत शिरलो होतो, आणि तेही दिवा लावून.

त्याच चर्चमध्ये, मुख्य वेदीच्या डाव्या बाजूस, संत ऑगस्टीनची माता संत मोनिका हिचे अवशेष आहेत. तिच्यापाशी जाऊन बसलो तेव्हा तिच्या पुत्राने डोळ्यांच्या हव्यासाविषयी जे लिहिले आहे, ते आठवणे अपरिहार्य होते. आपल्या कबुलीजबाबाच्या दहाव्या भागात ऑगस्टीन केवळ पाहण्याच्या, जाणून घेण्याच्या लालसेला मोहांच्या यादीत घालतो. रानात कुत्रा सशामागे धावताना दिसला तरी आपले चित्त तिकडे वळते, घरी बसलो असता पाल माशा पकडू लागली तरी आपण पाहत राहतो, असे तो प्रांजळपणे कबूल करतो. पाल आमच्याही भिंतीवर असते, त्यामुळे हा थोर संत आम्हांला तेथे एकदम जवळचा वाटला. पण त्याच ऑगस्टीनच्या आयुष्यातील एक परमोच्च क्षण खिडकीतला आहे. इसवी सन ३८७ मध्ये ऑस्तिया बंदरात, मोनिकेच्या मृत्यूच्या थोडे दिवस आधी, मायलेक एका खिडकीशी टेकून आतल्या बागेकडे पाहत बोलत उभे होते आणि बोलता बोलता त्यांचे चित्त देवापर्यंत जाऊन आले. तेथेही काम काही नव्हते. जहाजाची वाट पाहत दोघे प्रवासी उभे होते, इतकेच.

ऑगस्टीनच्या ह्या ग्रंथाने आणखी एका प्रवाशाची फजिती केली आहे. कवी पेत्रार्क १३३६ सालच्या एप्रिलात फ्रान्समधील व्हाँतू नावाचा डोंगर चढला, केवळ वरून काय दिसते ते पाहण्यासाठी. सोबतीला कोणास न्यावे ह्यावर त्याने बराच खल केला: हा मित्र फार सावकाश चालतो, तो फार घाई करतो, एक उदास, दुसरा नको तितका आनंदी. अखेर त्याने धाकट्या भावाला नेले. (सहप्रवाशाची निवड हा विषय पती-पत्नींनी फार खोलात जाऊन हाताळू नये, असे आमचे अनुभवाचे मत आहे.) शिखरावर आल्प्सची हिमशिखरे आणि ऱ्होन नदी पाहून झाल्यावर त्याने खिशातील ऑगस्टीनची छोटी प्रत उघडली. जे पान निघाले, त्यात माणसे डोंगर आणि समुद्र पाहून थक्क होतात आणि स्वतःकडे मात्र पाहत नाहीत, अशा अर्थाचा मजकूर होता. पेत्रार्क खजील झाला आणि मुकाट्याने डोंगर उतरला. हे सारे त्याने पत्रात लिहिले आहे; ते पत्र पुष्कळ वर्षांनी रचले असावे, असे काही अभ्यासक म्हणतात. ते कसेही असो. आम्हांला त्याची शरम पूर्णपणे पटत नाही. तो डोंगर चढलाच नसता, तर ते पान त्याला लागले असते काय? घरी त्याने ते पूर्वी वाचलेही असेल. पण डोळे भरून पाहिल्यावर ते त्याच्या अंगाला भिडले.

म्हणजे पाहणे हे पाप नव्हे. मग रोममध्ये आमचे काय चुकले, ह्याचा उलगडा आम्हांला दोन वर्षांनी, २०१८ साली, लिस्बनमध्ये झाला.

आम्ही वसईचे. १५३४ ते १७३९ अशी दोन शतके पोर्तुगीजांच्या अमलाखाली असलेल्या आमच्या किल्ल्यात छप्पर नसलेली चर्चे उभी आहेत. फ्रान्सिस्कनांच्या चर्चच्या जमिनीत कोरीव अक्षरांच्या समाधिशिला आहेत. ह्या ठिकाणी चित्रपटांची गाणी चित्रित होतात, लग्नाआधीची छायाचित्रे काढवून घेण्यासाठी जोडपी येतात, समाधिशिलांवर वेफर्सची पाकिटे पडलेली असतात. येथे प्रार्थना होत असत, हे त्यांच्या गावीही नसते. त्यांच्यावर आम्ही किती चिडलो आहोत, ते आमच्या मुलांना विचारावे. आणि लिस्बनमध्ये आम्ही काय पाहावे? कार्मेलचा मठ. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सकल संतांच्या सणाच्या सकाळी, लोक मिस्सासाठी चर्चमध्ये जमले असताना भूकंप झाला. त्यात ह्या मठाच्या चर्चचे छप्पर कोसळले, ते पुन्हा घातले गेले नाही. आता तेथे पुराणवस्तूंचे संग्रहालय आहे. तिकीट काढून आम्ही आत गेलो आणि त्या उघड्या कमानींखाली, निळे आकाश पाठीमागे येईल अशा बेताने, एकमेकांची हसरी छायाचित्रे काढली. छायाचित्र पाहताना आमच्यापैकी एकजण म्हणाला, "अगदी किल्ल्यात काढल्यासारखं आलंय." आणि आम्ही दोघेही गप्प झालो.

ज्याच्याकडे पाहिले जाते, त्याच्या बाजूला आपण कधी उभे असतो, हे पाहणाऱ्याला सहसा आठवत नाही. आम्हांला ते आठवावयास नको होते काय? किल्ल्यातील जोडप्यांनी प्रत्यक्ष प्रार्थना करणाऱ्या कोणाला उठवले नव्हते. आम्ही उठवले होते.

संथपणे फिरल्याने हा दोष आपोआप टळतो, असेही आम्ही काही काळ मानीत होतो. घाईने येऊन जाणारे ते पर्यटक आणि सावकाश राहणारे आम्ही पाहुणे, अशी सोयीची विभागणी! २०२३ मध्ये व्हेनिसमध्ये तीही ढासळली. ह्या जुन्या शहरात १९५० च्या सुमारास पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहत होती; २०२२ मध्ये ती संख्या पन्नास हजारांखाली गेली. आम्ही परतल्यावर पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२४ पासून, तेथील नगरपालिकेने गर्दीच्या ठराविक दिवशी सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांवर पाच युरोंचा कर बसवला. मुक्कामाला राहणाऱ्यांना तो नाही. म्हणजे नगरपालिकेच्या लेखी आम्ही बरे. परंतु आम्ही आठ दिवस राहिलो ते एका घरात, जे आता केवळ प्रवाशांना भाड्याने दिले जाते. दारावरच्या पितळी पाटीवर जुन्या कुटुंबाचे आडनाव तसेच होते. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजल्याच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, सर्वांत वरची खूण आमच्या खांद्याएवढी. एका दिवसाचा प्रवासी त्या शहराची वाट अडवतो. आम्ही तर कोणाच्या तरी घरात झोपलो होतो.

संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठांसाठी जे नियम लिहिले, त्यांच्या पहिल्याच प्रकरणात त्याने भटक्या साधूंवर कडक ताशेरे ओढले आहेत. हे लोक आयुष्यभर मठामागून मठ हिंडतात, प्रत्येक ठिकाणी तीन-चार दिवस पाहुणचार घेतात आणि कोठेच स्थिरावत नाहीत. ते वाचताना आम्हांला आमच्या पारपत्रावरचे शिक्के दिसू लागले. पण हाच बेनेडिक्ट पुढे सांगतो की आलेल्या प्रत्येक पाहुण्याचे ख्रिस्त समजून स्वागत करावे. दूरच्या मठातून आलेल्या साधूविषयी तर तो फार शहाणपणाने बोलतो: त्याने येथील रीत आहे तशी मान्य करावी, अवास्तव मागण्या करू नयेत, आणि त्याने नम्रपणे एखादी उणीव दाखवली, तर मठाधिपतीने विचार करावा, कदाचित प्रभूने त्याला त्यासाठीच धाडले असेल. जे मिळते त्यात समाधानी असणे, ही पाहुण्याला घातलेली अट आम्हांला सर्वांत अवघड वाटते. नाणे टाकून उजेड मागणे ही त्या अटीच्या नेमकी उलट गोष्ट होती.

बेनेडिक्टची कबर मोंते कासिनोच्या मठात आहे. तेथे आम्ही २०२३ मध्येच रोमहून आगगाडीने गेलो. फेब्रुवारी १९४४ मध्ये बाँबवर्षावात हा मठ जमीनदोस्त झाला. तो पुन्हा बांधल्यावर ऑक्टोबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल ह्यांनी त्याचे अभिमंत्रण केले आणि बेनेडिक्टला युरोपचा आश्रयदाता संत घोषित केले. डोंगराखाली युद्धस्मशान आहे. ज्यांच्या कबरी नाहीत अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे तेथील स्मारकावर कोरली आहेत, आणि त्यांत नाईक यशवंत घाडगे हे नाव आहे. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातला, मराठा पलटणीचा हा बावीस वर्षांचा जवान १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याने इटली पाहिली ती बंदुकीमागून. आम्ही तेथे बराच वेळ उभे होतो, छायाचित्र काढावे की नाही हे ठरेना. शेवटी नाही काढले.

कासिनोहून परतल्यावर, रोम सोडण्याच्या आदल्या दिवशी, आम्ही पुन्हा संत ऑगस्टीनच्या चर्चमध्ये गेलो. शेजारच्या आजी त्याआधी दोन वर्षे देवाघरी गेल्या होत्या. मोनिकेपाशी त्यांच्यासाठी 'नमो मरिये' म्हटली आणि त्या चित्रासमोरच्या बाकावर येऊन बसलो. ह्या खेपेस नाणे टाकले नाही. डोळे अंधाराला सरावले, तसे प्रथम त्या यात्रेकरूचे तळवे दिसू लागले, मग म्हातारीचे फडके, आणि पुष्कळ वेळाने त्यांच्याकडे वाकून पाहणाऱ्या बाळाचा चेहरा.

वीसेक मिनिटांनी एक तरुण जोडपे आले. मुलाने खिशात नाणे चाचपले, पेटीकडे हात नेला आणि आम्हांला पाहून तो थबकला. आम्ही मानेनेच खूण केली, टाक. उजेड पडला. चित्र आम्हीही पाहिले, त्यांच्या पैशाने. दिवा विझल्यावर ती दोघे निघतील असे वाटले होते. पण आमच्या मागच्या बाकावर कोणीतरी बसल्याचा आवाज आला.