परावलंबीचा खेळ

पाठीच्या कण्यावरील शस्त्रक्रियेनंतर काही काळ वाकणे वा ओझे उचलणे वर्ज्य असते. खाली पडलेली वस्तूही दुसऱ्यानेच उचलून द्यावी लागते. अशा माणसाने कमरेइतक्या उंच मेजावर छोटी आगगाडी मांडून रमावे काय? इतरांनी राबावे आणि याने खेळावे, हा आक्षेप सहजासहजी टाळता येत नाही.

रायपूर-धमतरी गाडी एके काळी ७६२ मिलिमीटर मापाच्या रुळांवरून धावे. ती १:८७ प्रमाणात उतरवली, की रुळांमधील अंतर जेमतेम ९ मिलिमीटर उरते. सांधा किंचित चुकला तरी डबा घसरतो. हे काम घाईला दाद देत नाही; देहाचे सावरणेही तसेच. शिवाय हा खेळ एकट्याचा राहिलाच पाहिजे असे नाही. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून १९९८ मध्ये लघुरेल्वेचे संग्रहालय सर्वांसाठी खुले झाले.

शुश्रूषा केवळ जखम भरावी म्हणून नसते. माणूस पुन्हा आनंदक्षम व्हावा म्हणून असते. संकोचाने म्लान होऊन पडून राहणे ही त्या श्रमांची परतफेड नव्हे. मात्र ज्या व्यक्तीने रात्री जागवल्या, तिच्यासाठी मेजापाशी एक खुर्ची असावी. आणि गाडी सोडण्याची कळ अधूनमधून तिच्या हाती द्यावी.