क्रेनला पेलेल तेवढा कायदा

संध्याकाळी सातच्या सुमारास नागपूरला लागून असलेल्या वाडीत अमरावती रोडच्या कडेला थोडा वेळ उभं राहावं. दवाखान्यासमोर दोन स्कूटर, चहाच्या टपरीला टेकलेल्या चार मोटारसायकली, किराणा दुकानापुढे अर्धी रस्त्यावर आणि अर्धी गटाराच्या फरशीवर चढवलेली कार. या सगळ्यांच्या मागेपुढे ट्रक. दहा चाकांचे, चौदा चाकांचे, ताडपत्री आवळलेले, मागचे दिवे धुळीनं आंधळे झालेले. आता समजा इथे टोइंगची गाडी आली. ती काय उचलेल, हे सांगायला ज्योतिषी नको. स्कूटर उचलेल. कारला फार तर जॅमर लागेल. ट्रकपाशी कोणी थांबलंच तर चालान करण्यापुरतं थांबेल, आणि ट्रक जिथे आहे तिथेच राहील.

रस्ता सर्वांत जास्त कोणी अडवला आणि दांडका सर्वांत आधी कोणावर पडला, या दोन प्रश्नांची उत्तरं अशी एकमेकांकडे पाठ करून उभी असतात. पार्किंगच्या कारवाईवरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे. उचलणारी पोरं गाडी आदळतात, साहेब ऐकून घेत नाहीत, या तक्रारी सगळीकडेच ऐकू येतात. त्या माणसं बदलून, कॅमेरे लावून कमी करता येतील. पण कायद्याची पोच क्रेनच्या ताकदीएवढीच असणं, हा दोष सज्जन माणसं नेमूनही जात नाही.

कायदा स्वतः असा भेद करत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 मधलं कलम 127 सांगतं की सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेलं, किंवा मनाई असलेल्या जागी लावलेलं वाहन उचलून नेण्याचा अथवा चाक जखडण्याचा आदेश त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. ओढून नेण्याचा खर्च मालकाच्या माथी, दंड वेगळा. कलम 122 धोकादायक रीतीनं उभ्या केलेल्या वाहनाबद्दल आहे. दोन्ही कलमांत स्कूटर आणि ट्रक यांच्यात काही फरक नाही. दंडातही नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर, आणि महाराष्ट्रात ती डिसेंबर 2021 मध्ये लागू झाल्यापासून, सर्वसाधारण गुन्ह्याला पहिल्यांदा 500 रुपये आणि पुन्हा केल्यास 1500. हिंगणा एमआयडीसीत रोजंदारीवर जाणाऱ्याचा त्यात दिवस जातो. ट्रान्सपोर्टवाल्याच्या हिशेबात ती रक्कम डिझेलच्या खाली, चहापाण्याच्या ओळीत बसते.

पण रकमेपेक्षा मोठा प्रश्न उचलण्याचा आहे. गाडी उचलणं ही शिक्षा आहे की अडथळा दूर करणं? अडथळा दूर करायचा असेल तर आधी सुनावणी न घेता उचलण्याला पूर्ण समर्थन आहे. रुग्णवाहिका मागे अडकली असताना कोणी मालकाची कैफियत ऐकत बसत नाही. शिक्षा म्हणून उचलायची असेल तर मात्र ती विचित्र शिक्षा ठरते. चालानाविरुद्ध कोर्टात जाता येतं, चुकीचं असेल तर भांडता येतं. उचललेल्या गाडीचं तसं नाही. आधी ऑटो करून कोठार गाठायचं, पैसे भरायचे, गाडी सोडवायची. आपली बाजू नंतर सांगायची, आणि गाडी हातात आल्यावर ती सांगायला पुन्हा कोण जातो? जॅमरचं तर्कशास्त्र तर आणखी वाकडं. गाडीनं रस्ता अडवला म्हणून तिला त्याच जागी तासभर जखडून ठेवायचं! जॅमर लागला की ती कारवाई अडथळा हटवण्याची नाही, हे उघडच झालं.

हे यंत्र मुळात दुसऱ्याच कामासाठी निघालं होतं. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणाऱ्या फ्रँक मरग यांनी ते तयार केलं आणि 1955 मध्ये तिथल्या पोलिसांनी ते वापरायला घेतलं. जुने दंड थकवून फिरणाऱ्यांची गाडी ओढून न नेता अडकवून ठेवायची, एवढाच बेत. म्हणजे ते वसुलीचं हत्यार होतं, वाहतुकीचं नव्हे. वसुलीचं हत्यार खासगी हाती गेल्यावर काय होतं, ते ब्रिटननं पाहिलं. खासगी जागेत गाडी जखडून पैसे मागणं स्कॉटलंडमध्ये 1992 च्या न्यायालयीन निकालानं बेकायदा ठरलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदा करून 1 ऑक्टोबर 2012 पासून त्यावर बंदी आली. दुसऱ्याची वस्तू अडकवून पैसे मागण्याचा अधिकार कोणाला द्यायचा, याचा विचार त्यांनी उशिरा का होईना केला.

आपल्याकडे हा विचार घटना घडली की दोन दिवस होतो. नोव्हेंबर 2017 मध्ये मुंबईत मालाडला एक आई बाळाला पाजत गाडीत बसलेली असताना गाडी ओढली गेली. व्हिडिओ फिरला, पोलीस निलंबित झाला. ऑगस्ट 2021 मध्ये पुण्यात नाना पेठेत दुचाकी उचलली, तीही वर बसलेल्या माणसासकट. 2022 च्या सुरुवातीला मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी प्रयोग म्हणून टोइंग थांबवलं, बेंगळुरूतही त्याच सुमारास थांबलं, आणि पुढे दोन्हीकडे ते परत आलं. परत येणारच, कारण प्रश्न टोइंगच्या गाडीचा नव्हताच. जिथे ठेकेदाराला उचललेल्या गाडीमागे पैसे मिळतात, तिथे त्याची नजर सगळ्यात हलकी, सगळ्यात लवकर उचलता येणारी गाडी शोधणार. यात त्याची बदमाशी नाही, त्याचा हिशेब आहे. दिवसाकाठी वीस स्कूटर उचलायच्या की एका ट्रकशी झटायचं, याचं उत्तर आपणही तेच दिलं असतं.

म्हणून वाडीच्या ट्रककडे येतो. ते इथे का आले? वाडी नागपूर महापालिकेच्या हद्दीबाहेर. जकातीच्या काळात माल हद्दीत शिरला की पैसे मोजावे लागत. हद्दीबाहेर साठवून लागेल तसा आत नेणं व्यापाऱ्याला परवडत होतं. शिवाय मुंबई-कोलकाता वाहतुकीचा महामार्ग दारातून जातो, जो पूर्वी 6 क्रमांकाचा होता आणि आता 53 आहे. अमरावती रोडला लागून आणि खडगाव रोडच्या अंगानं गोदामं वाढली. 1 एप्रिल 2013 ला नागपुरात जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला, ऑगस्ट 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. नाके ओस पडले, गोदामं मात्र राहिली. ज्या रेषेमुळे ती तिथे बसली ती रेषा कराच्या नकाशावरून पुसली गेली. ट्रक अजून त्या रेषेशीच रांग लावतात.

आणि रांगेत थांबतो कोण? ड्रायव्हर. तो रायपूरहून किंवा सुरतेहून माल घेऊन रात्री पोचतो. गोदामवाला सांगतो, "सकाळी नंबर लागेल." गोदामाच्या फाटकाआत तीन गाड्या मावतात, आलेल्या असतात अकरा. उरलेल्या आठांनी कुठे थांबायचं हे कोणी सांगत नाही, कारण ते सांगणं कोणाचंच काम नाही. ड्रायव्हर क्लीनरला घेऊन केबिनमध्ये झोपतो, सकाळी चालान येतं. मालकाच्या नावे आलेलं चालान ट्रिपच्या पैशांतून कापलं जातं, असं बरेच ड्रायव्हर सांगतात. गोदामवाल्याचा मात्र एक रुपयाही जात नाही. खरं तर त्यानं आपलं आवार फुकटात रस्त्यापर्यंत वाढवून घेतलं आहे. महामार्गाची कडा ही त्याची बिनभाड्याची वेटिंग रूम.

दुचाकीवाल्याला "सार्वजनिक जागा तुमच्या बापाची आहे का?" असं सुनावलं जातं. हा प्रश्न योग्यच आहे. फक्त तो चुकीच्या दारात विचारला जातो.

हे सगळं लिहितो म्हणून ट्रकवाल्यांना मोकळं सोडा, असं मी म्हणत नाही. अंधारात, रिफ्लेक्टर नसलेला, कडेला उभा ट्रक हे या रस्त्यावरचं सगळ्यात भयंकर वाहन आहे. चालत्या ट्रकपासून माणूस सावध असतो. उभा ट्रक शिफ्ट सुटून घरी निघालेल्या मोटारसायकलवाल्याला शेवटच्या क्षणी दिसतो. शाळेची पोरं त्याच्या बाहेरून, म्हणजे भरधाव गाड्यांच्या बाजूनं चालतात. आपल्याकडे एक गोड समजूत आहे की कारवाई ढिली ठेवणं म्हणजे गरिबांवर दया करणं. रस्त्यानं पायी जाणाऱ्यापेक्षा गरीब तिथे कोण असतो? कारवाई हवीच. धोक्याच्या क्रमानं हवी, वजनाच्या उलट्या क्रमानं नको.

तो क्रम लावणं अवघड का जातं, याचं कारण वाडीत स्वच्छ दिसतं. रस्ता राष्ट्रीय महामार्ग, गाव नगरपरिषदेचं, वाहतूक नागपूर शहर पोलिसांची. वाहनं उभी करायच्या जागा ठरवण्याची तरतूद त्याच कायद्यात कलम 117 मध्ये आहे; त्या राज्य सरकारनं किंवा त्यानं नेमलेल्या प्राधिकरणानं स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवायच्या. म्हणजे उचलण्याचा हुकूम एका खिशात, जागा देण्याचा दुसऱ्या. पहिला खिसा रोज उघडतो. कारण त्यातून रोज काहीतरी दिसतं: इतक्या गाड्यांवर कारवाई, इतका दंड. दुसऱ्या खिशातून काही निघायला वर्षं लागतात आणि त्याचा फोटो येत नाही.

मुंबई महापालिकेनं जुलै 2019 मध्ये या दोन गोष्टी निदान एकत्र बांधून पाहिल्या. सार्वजनिक वाहनतळापासून पाचशे मीटरच्या आत गाडी रस्त्यावर लावली तर जबर दंड, अवजड वाहनाला टोइंगसह 23,250 रुपयांपर्यंत. रकमांवर ओरड झाली आणि ती रास्त होती. पण आधी जागा दाखवा आणि मग तिच्या भोवतीच कडक व्हा, ही त्यातली बाजू मला पटते. वाडीत पाचशे मीटर मोजायला सुरुवातच कुठून करणार?

गोदामाच्या परवानगीत मात्र सुरुवात करता येईल. चटई क्षेत्र किती, अग्निशमनाची सोय काय, हे तिथे विचारलं जातं. त्याच कागदावर आणखी एक आकडा असावा: एका वेळी किती ट्रक फाटकाच्या आत थांबतील. आणि त्या गोदामाची बिल्टी असलेला ट्रक रात्री बाहेर रस्त्यावर सापडला, तर चालानाची एक प्रत ड्रायव्हरच्या मोबाइलवर जावी आणि दुसरी, मोठ्या रकमेची, गोदामाच्या पत्त्यावर. त्याला क्रेन लागत नाही.