पंक्चर घाटात झालं नाही

उभे राहा. चौघेही. माना खाली घालायचं नाटक नको, इकडे टेबलावर बघा. ही तुमच्या सायकलची ट्यूब. काल रात्री तुझे वडील माझ्या घरी घेऊन आले. म्हणाले, "सर, पोरांचं नशीबच फुटकं. ऐन ताम्हिणी घाटात पंक्चर!" मी त्यांना चहा दिला आणि ट्यूब ठेवून घेतली. नशिबाचं मागाहून पाहू. आधी ट्यूब वाचू.

ये पुढे, चष्मेवाल्या. किती भोकं दिसतात? दोन. कशी आहेत? शेजारी शेजारी, बोटभर अंतरावर, जणू कोणी चिमटा काढलाय. आता सांग, काटा कधी जोडीनं टोचतो का रे? काटा एकच भोक पाडतो. अशा जोडचिरा पडतात त्या हवा कमी असली की. चाक खड्ड्यात आपटतं, टायर पार चेपतो, रिमच्या दोन कडा खाली येतात आणि मधे सापडलेली ट्यूब दोन्हीकडून कापली जाते. दाब म्हणजे काय, हे चाचणीत लिहून दोन-दोन मार्क घेतलेत ना? तोच दाब टायरच्या कडेला उठावाच्या अक्षरांत छापलेला असतो. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती. कोणी वाचलाय? वाटलंच मला.

म्हणजे पंक्चर घाटात झालंच नाही. ते शनिवारी रात्री घरीच झालं होतं, कोण कुठला टीशर्ट घालणार यावर तुमची ग्रुपवर परिषद चालली होती तेव्हा. अंगठ्यानं टायर दाबून बघायला किती वेळ लागतो? एक टीशर्ट निवडण्यापेक्षा कमीच.

बरं, घरी राहिलं. पौडला मिसळ खायला थांबलात. शेजारच्या पंक्चरवाल्या काकांनी आपणहून सांगितलं, "पोरांनो, मागच्या चाकात हवा कमी दिसतेय. पुढं दुकान नाही." आणि तू काय म्हणालास? "चालतंय की, काका!" हे मला तुझ्या वडिलांनी सांगितलं, कौतुकानं. ज्या माणसाचं आयुष्य चाकं बघण्यात गेलं, तो फुकट सल्ला देतो आणि अकरावीतला शहाणा त्याला चालतंय म्हणतो. चाललं का? मुळशी ओलांडून जेमतेम घाटाला लागलात आणि बसलं.

आता बॅगांकडे वळू. दोन पॉवर बँका, एक स्पीकर, चिवड्याच्या सहा पुड्या. जादा ट्यूब? नाही. पंप होता, पण त्याचं तोंड जाड आणि तुमच्या सायकलचा व्हॉल्व्ह बारीक मानेचा. करंगळीच्या नखाएवढी पितळी टोपी मिळते, ती व्हॉल्व्हवर फिरवली की जाड तोंडाचा पंपही बसतो. ती नाही. ठिगळं होती, सोल्यूशनची नळी होती. पण नळी गेल्या वर्षी उघडलेली, निम्मी वाळून खडा झालेली. जे उरलं होतं ते ओल्याच ट्यूबवर फासलंत आणि वर लगेच ठिगळ दाबलंत. ते पडलं. पडणारच! ट्यूब कोरडी करा, काचकागदानं घासा, सोल्यूशन पातळ लावा आणि थांबा. ते सुकत आलं, बोटाला जेमतेम चिकटू लागलं, की मग ठिगळ. पाच मिनिटं कळ काढायची असते. तुम्हाला ती पाच मिनिटं जड झाली आणि मग टेम्पोची वाट बघत तीन तास बसलात.

आणि समजा, यातलं काहीच जवळ नाही. तरी टायरमध्ये गवत ठासून भरतात आणि हळूहळू रेटत जातात. ताम्हिणीत पावसाळ्यात गवताला काय तोटा आहे का रे?

तू हसू नकोस गं. तुझी सायकल धड होती. याचीही धड होती. त्याचीही. ट्यूब एकाची फुटली, पण टेम्पोत सायकली चढल्या चार. तिघांपैकी एकालाही वाटलं नाही की मी मागं पौडला जाते, ट्यूब आणते. चाळीस-पन्नास किलोमीटर आलेल्या पायांना परतीचा रस्ता जड झाला? फोनला रेंज मिळावी म्हणून दोघं डोंगरावर चढलात. तेवढे कष्ट बरे जमले.

१९१३ सालची गोष्ट सांगतो. टूर द फ्रान्सची शर्यत, पिरेनीज पर्वतातली तूर्मालेची खिंड. युजीन क्रिस्तोफ नावाच्या गड्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. पंक्चर नव्हे, चिमटा! तेव्हाचा नियम असा, की दुरुस्ती ज्याची त्यानं करायची. सायकल खांद्यावर टाकून तो दहाएक किलोमीटर घाट उतरला, खालच्या गावात लोहाराची भट्टी गाठली आणि स्वतःच्या हातानं लोखंड तापवून, ठोकून चिमटा जोडला. पंच शेजारी पहारा देत उभे. दोन्ही हात कामात, म्हणून एका लहान पोरानं भाता ओढला; तर तेवढ्या मदतीबद्दलही क्रिस्तोफला दंड झाला. तरी त्यानं पॅरिस गाठलं. तुम्हाला तो नियम लावला तर भात्याचं राहू द्या, टेम्पोचा दंड काय होईल?

तो परदेशी, असं मनात म्हणताय? मग मुंबईचे घ्या. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा. १९२३ मध्ये सायकली घेऊन निघाले आणि जगाला वळसा घालून १९२८ मध्ये परतले. त्यांनी कुठल्या वाळवंटातून बाबांना फोन लावला होता, ते शोधून मला सांगा.

नीट ऐका. सायकल बिघडली म्हणून मी रागावलेलो नाही. लोखंड आहे, रबर आहे, बिघडणारच. पण जी वस्तू तुम्हाला घरापासून इतकं लांब नेते, तिच्याकडे निघताना एकदा वाकून बघायचं नाही, तिला हात लावायचा नाही, आणि ती बसली की नशिबाला बोल लावून बापाच्या खिशात हात घालायचा, याचा मला संताप येतो. साडेतीन हजार मोजलेत त्यांनी टेम्पोला. वर माझ्याकडे येऊन तुमची बाजू घेतात.

शनिवारी शाळा सुटली की मैदानावर यायचं. बादली मी आणीन, काचकागद आणि सोल्यूशन तुम्ही आणा. चौघांनीही मागचं चाक काढायचं, ट्यूब बाहेर घ्यायची, पाण्यात बुडवून बुडबुडा शोधायचा, ठिगळ लावायचं आणि चाक परत बसवायचं. मागचंच का? साखळी तिथं असते आणि तुमचा भारही. पुढचं चाक कोणीही काढतं. ज्याचं झालं नाही तो ढकलत घरी जाईल.

आणि रविवारी पौड. सायकलवर. वडिलांशिवाय, स्पीकरशिवाय. त्या काकांसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, "काका, हवा कमीच होती." बाकी काही बोलायचं नाही. मग ते चाकं बघतील, ती बघताना त्यांच्या हाताकडे बघायचं.

बसा आता. आणि ही ट्यूब घेऊन जा. दोन ठिगळांत नीट होईल ती.