लाडाचा आरोप

मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात जिवंत पकडलेल्या कसाबनं तुरुंगात मटण बिर्याणी मागितली, ही गोष्ट महाराष्ट्रात वर्षानुवर्षं सांगितली गेली. सरकार दहशतवाद्याचे चोचले पुरवतंय, हे पटायला लोकांना दुसरा पुरावा लागला नाही. २०१५ साली त्याच्या खटल्याचे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी जयपूरच्या एका परिषदेत स्वतःच सांगितलं की, कसाबनं बिर्याणी मागितली नव्हती आणि त्याला ती कुणी दिलीही नव्हती. त्याच्याविषयी कणव वाटायला लागली होती, ती लाट मोडण्यासाठी आपणच ती गोष्ट रचली होती, असं ते म्हणाले. तोवर कसाबला फाशी होऊन दोन वर्षं उलटली होती. बिर्याणीनं मात्र लोकांच्या डोक्यात कायमची जागा पटकावली.

लाडाचा आरोप असा झटपट चिकटतो, कारण तो नेहमी दुसऱ्यावर करायचा असतो. आजीनं नातवाला लाडावून ठेवलंय, असं सून म्हणते. सुनेनं पोराला डोक्यावर बसवलंय, असं आजी म्हणते. संपावर गेलेल्या कामगारांचे लाड होतात, कर्जमाफी मिळालेल्या शेतकऱ्याचे होतात, दुखापतीमुळे सामना न खेळणाऱ्या क्रिकेटपटूचेही होतात. स्वतःच्या घरात जे चालतं, ती काळजी.

आरोप जुना आहे. मुलाचे पाच वर्षं लाड करावेत, पुढची दहा वर्षं धाक-मार द्यावा आणि सोळाव्या वर्षापासून त्याला मित्रासारखं वागवावं, हा चाणक्याच्या नावावरचा हिशेब मराठी घरांतही पिढ्यान्‌पिढ्या ऐकवला गेला. त्यात निदान लाडाला पाच वर्षांची मुभा तरी होती. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानं १६९३ च्या आपल्या शिक्षणविषयक पुस्तकात तीही ठेवली नाही. मुलाचे पाय रोज थंड पाण्यानं धुवावेत, बूट इतके पातळ असावेत की पाणी आत शिरावं, बिछाना कठीण असावा, असा त्याचा सल्ला. छडीचा मात्र तो विरोधक होता. लॉक वैद्यक शिकलेला होता आणि जन्मभर अविवाहित राहिला; इतरांच्या मुलांना गार पाण्यात उभं करणं त्याला सोपं गेलं असणार.

लॉकच्या डोळ्यांपुढे खानदानी घरातली मुलं होती. पुढे हीच काळजी अख्ख्या राष्ट्राची झाली. १९०५ च्या एका हंगामात अमेरिकन फुटबॉल खेळताना डझनाहून अधिक तरुण दगावले आणि हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांना तो खेळच नकोसा झाला. फेब्रुवारी १९०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हार्वर्डला गेले आणि विद्यापीठांनी दणकट पुरुषांऐवजी लाडावलेले नाजूक जीव बाहेर काढू नयेत, असं त्यांनी बजावलं. खुद्द रूझवेल्ट लहानपणी दम्यानं बेजार असत. जिद्दीनं व्यायाम करून त्यांनी शरीर कमावलं होतं आणि जे आपल्याला जमलं ते सगळ्यांना जमावं, अशी त्यांची समजूत होती. 

आईच्या मायेवर खरी धाड पडली ती १९२८ साली. जॉन वॉटसन हा वर्तनवादाचा प्रवर्तक मानसशास्त्रज्ञ. विद्यापीठातली नोकरी गेल्यावर तो जाहिरातीच्या धंद्यात शिरला होता. बालसंगोपनावरच्या आपल्या पुस्तकात त्यानं आयांना बजावलं की, मुलांना कुशीत घेऊ नका, मुके घेऊ नका. अगदीच राहवलं नाही तर रात्री झोपताना कपाळावर एकदा ओठ टेका आणि सकाळी हस्तांदोलन करा. शास्त्रज्ञाच्या तोंडून आलेला हा सल्ला असंख्य घरांत पोचला. त्याच काळात ब्रिटनमधल्या इस्पितळांत आजारी मुलांना आईबापांची भेट कित्येकदा आठवड्यातून एकदाच होई. भेटीनंतर मुलं रडतात, हे त्याचं कारण. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी इस्पितळात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला, तेव्हा डॉक्टर मंडळी चिडली. सात वर्षांनी, १९५९ मध्ये, एका सरकारी समितीनं भेटींवरचे निर्बंध उठवा, अशी शिफारस केली. आपल्याकडे खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपणाऱ्या आईला कुठल्या समितीची वाट पाहावी लागली नाही.

दरम्यान अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिलांना दोन खोट्या आया दिल्या होत्या. एक उघड्या तारेची, एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असलं, तरी पिलं पिण्यापुरती तिकडे जात आणि उरलेला वेळ कापडाच्या आईला बिलगून काढत. अनोळखी वस्तू पाहून घाबरलेलं पिलू आधी तिला मिठी मारी आणि मग धीटपणे ती वस्तू न्याहाळायला निघे. वॉटसनचं म्हणणं होतं की कुशीनं मूल दुबळं होतं. इथे कुशीतूनच धीर येत होता.

म्हणजे लॉकपासून सगळ्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या होत्या. जवळ घेणं ही एक आणि वाटेतला प्रत्येक खडा उचलून टाकणं ही दुसरी. मराठी वाचकाला हा फरक 'श्यामची आई'त सापडतो. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातली आई पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला शिंपटीनं झोडपत विहिरीकडे धाडते आणि नंतर त्याच्या वळांना तेल लावते. ती शिंपटी आज कुणी मान्य करू नये. शाळेत तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शारीरिक शिक्षेला बंदीच घातली आहे. पण मायेत कसर न ठेवता मुलाला पाण्यात उतरवायला हवं, हे त्या माउलीला कळलं होतं.

वाटेतले खडे उचलण्याच्या त्या दुसऱ्या गोष्टीची किंमत उघड झाली ती शेंगदाण्यावरून. ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००० साली सांगितलं. हेतू चांगलाच होता. पण २००८ मध्ये एका अभ्यासात दिसलं की, ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत ही ॲलर्जी इस्रायलमधल्या मुलांच्या सुमारे दहापट आहे, आणि इस्रायलमधली बाळं तर पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे कुरकुरे खातात. मग लंडनमध्ये गिडिऑन लॅक यांच्या चमूनं धोका असलेल्या ६४० बाळांवर ती पाच वर्षांची होईपर्यंत चाचणी घेतली. २०१५ साली निकाल आला: सुरुवातीच्या तपासणीत ॲलर्जी न दिसलेल्या ज्या बाळांना लवकर शेंगदाणा दिला, त्यांच्यात ॲलर्जीचं प्रमाण ऐंशी टक्क्यांहूनही अधिक घटलं. जपायला म्हणून दूर ठेवलेला पदार्थ शरीराला परका झाला होता.

२०१७ पासून अमेरिकेतल्या नव्या सूचनांनुसार तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना डॉक्टरांकडून तपासून घेऊन चौथ्या ते सहाव्या महिन्यातच शेंगदाण्याची चव दिली जाते. अख्खा दाणा नाही, घशात अडकतो. मऊ खाण्यात कालवलेलं बारीक कूट किंवा पातळ केलेलं शेंगदाण्याचं लोणी.