आठ लिटरची जागा

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथल्या काही गल्ल्यांतून अजून मागांचा खडखडाट ऐकू येतो, तिथं शाळेची पोरं ने-आण करणारे एक व्हॅनवाले काका राहत. गाडी ओम्नी, जुनी पण स्वतःची. माणूस कष्टाळू आणि निर्व्यसनी, पोरांवर जीव लावणारा. खोड एकच. रिकामं काही दिसलं की त्यांना करमायचं नाही. डब्यात कडक भाकरीच्या कडेला जागा उरली की तिथं शेंगाचटणीची पुडी बसलीच पाहिजे. दोन खेपांच्या मधे पंधरा मिनिटं मोकळी मिळाली की कुणाचं तरी सामान पोचवून यायचं. व्हॅनच्या मधल्या भागात पाय ठेवायला जागा होती, तिथं त्यांनी एक लाकडी फळी टाकली आणि परवान्यात लिहिलेल्यापेक्षा दोन पोरं जास्त बसवली. तंगीत वाढलेल्या माणसाला मोकळी जागा म्हणजे नुकसान वाटतं. यात दोष त्यांचा थोडा आणि तंगीचा जास्त, असं मला वाटतं.

पेट्रोल परवडेना, तेव्हा त्यांनी गाडीला गॅस किट बसवायचं ठरवलं. पेट्रोल गाडीला असं किट बसवण्याची कायदेशीर वाट २००० साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा मोकळी झाली. पण वाटेवर नाके आहेत. किट मान्यताप्राप्त हवं, म्हणजे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेनं तपासलेलं. टाकीला नागपूरच्या स्फोटकं खात्याची मंजुरी हवी. बसवून झालं की आरटीओत जाऊन आरसी बुकावर पेट्रोलच्या जोडीला एलपीजीची नोंद आणि विमा कंपनीलाही कळवणं. काकांना हे सगळं जास्तीचं वाटलं. तरी पोरांची गाडी म्हणून ते अधिकृत किट बसवणाऱ्या एका चाचांकडं गेले.

चाचांचं काम बघण्यासारखं होतं. इंजिनापाशी त्यांनी रिड्युसर बसवला आणि रेडिएटरच्या गरम पाण्याच्या दोन नळ्या त्याला जोडल्या. टाकीतून गॅस येतो पातळ, द्रवरूपात. त्याची वाफ होताना रिड्युसर बर्फासारखा गार पडतो, म्हणून इंजिनाचं गरम पाणी त्याच्यातून फिरवायचं. सकाळी गाडी पेट्रोलवर सुरू करायची आणि इंजिन तापलं की डॅशबोर्डावरचं बटण गॅसवर टाकायचं, ते याचसाठी. मिक्सर बसला, तांब्याची नळी गाडीच्या पोटाखालून मागं गेली, मागच्या सीटच्या पाठीमागं चाळीस लिटरची टाकी पट्ट्यांनी आवळली गेली. मग चाचांनी मगात साबणाचं पाणी केलं, ब्रश घेतला आणि एकेका जोडावर फेस लावून उकिडवे बसून बघत राहिले. एका जोडावर मोहरीएवढा बुडबुडा फुगला. तो जोड त्यांनी पूर्ण उघडला, पुन्हा बसवला, पुन्हा फेस लावला.

शेवटी टाकीच्या व्हॉल्व्हवर एक हवाबंद डबी आली. डबीतून दोन जाड नळ्या निघाल्या आणि गाडीच्या तळाला भोकं पाडून खाली रस्त्याकडं गेल्या.

“ही डबी नसली तर चालणार नाही का ओ चाचा?” काकांनी विचारलं. “तिथं चार दप्तरं बसतील. आणि भोकं कशाला गाडीला?”

“मालक, गॅस गळाला तर गाडीत नाही साठला पाहिजे. हवेपेक्षा जड असतो हा. वर उडून जात नाही, खाली बसतो. त्याला खालूनच वाट द्यावी लागते. डबी नको असेल तर किट दुसरीकडं बसवा.”

काका गप्प बसले. डबी राहिली.

पहिल्यांदा गॅसच्या पंपावर गेले तेव्हा बत्तीस लिटरला नोझल थांबलं. काकांनी पंपावरच्या पोराशी वाद घातला. टाकी चाळीसची, पैसे चाळीसच्या टाकीचे मोजलेले, मग गॅस बत्तीसच का? पंप गावाबाहेर हायवेला. आठ लिटर कमी म्हणजे तेवढ्या लवकर पुन्हा तिकडं हेलपाटा. तिथूनच ते तडक चाचांकडं गेले.

चाचांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. “आत एक फ्लोट आहे. ऐंशी टक्के भरलं की तो वर येतो आणि तोंड बंद करतो. किट खराब नाही, किट नीट चाललंय.”

“आणि वरचे आठ लिटर?”

“ते गॅसचेच आहेत. गॅस तापला की फुगतो. पाण्यापेक्षा कैक पटीनं फुगतो. घरात दूध तापवताना वहिनी पातेलं काठोकाठ भरतात का? इथं तर उतू जायलासुद्धा काठ नाही, सगळीकडनं लोखंड.”

समजावणं सरळ होतं आणि काकांना ते समजलंही. पण समजणं आणि सोसणं या दोन गोष्टी आहेत. गेज ऐंशीवर थांबला की त्यांच्या डोळ्यांपुढं ते आठ लिटर यायचे.

अशा माणसाला गाठणारा कुणीतरी भेटतोच. एका पत्र्याच्या शेडमधे घरगुती बाटल्यांतून मोटर लावून गाड्यांत गॅस भरून द्यायचे. घरगुती गॅस गाडीत वापरायला २००१ च्या आदेशानं मनाई आहे, हे भरणाऱ्याला माहीत होतं आणि भरून घेणाऱ्यालाही. पंपापेक्षा स्वस्त, गल्लीपासून जवळ. शेडवाला म्हणाला, “बत्तीस? आमच्याकडं चाळीस बसतात.” त्यानं गाडी ठेवून घेतली आणि टाकीच्या आतला तो अडसर काढून टाकला. दीड बाटला सहज बसायला लागला. घरगुती बाटल्यात १४.२ किलो गॅस असतो, द्रवरूपात साधारण सव्वीस लिटर. म्हणजे दीड बाटल्यात टाकी गच्च.

उरलेल्या अर्ध्या बाटल्याचं काय होतं, हे काकांनी एकदा बघितलं. तो तसाच राहत नाही. सील पुन्हा चढतं, थोडा इकडून थोडा तिकडून भरून वजन बरं दिसेलसं केलं जातं आणि बाटला कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जातो. काकांच्या शेजारी कडक भाकऱ्या करून विकणाऱ्या एक मावशी राहत. भाकऱ्यांना चूल, घरच्या डाळ-चहाला गॅस. हिवाळ्यापासून त्या सगळ्यांना सांगत होत्या, बाटला पहिल्यासारखा पुरत नाही, नातीच्या हातून शेगडी चालू राहत असेल. नातीला त्यावरून बोलणीही बसली होती. काकांनी ते आपल्या ओट्यावरून ऐकलं आणि घरात गेले.

महिने गेले, काहीच झालं नाही. इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण माणसं फसतात ती बहुधा याच जागी. काका सकाळी टाकी गच्च भरत आणि लगेच खेपांना निघत. ऊन चढेपर्यंत आठ-दहा लिटर जळून गेलेले असत. म्हणजे चाचांनी सांगितलेली मोकळी जागा रोज आपोआप तयार होत होती. धोका रोज भरला जात होता आणि पोरांच्या खेपा त्याला रोज खाऊन टाकत होत्या. काकांनी मात्र यातून चाचा उगाच भिववतात एवढंच काढलं. इतके दिवस काही झालं नाही, यासारखा खोटा साक्षीदार दुसरा नसेल. तो बोलतो खरं, पण त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा असतो.

एप्रिल संपत आला. सकाळची शाळा सुरू होती. एका शनिवारी रात्री, थंड वेळेला, काकांनी शेडवर टाकी गच्च भरून घेतली. सोमवारी पहाटे घाई नको म्हणून. रविवारी गाडी गल्लीत भिंतीला लागून उभी. अकराला तिच्यावरची सावली सरकली. सोलापूरचं ऊन ४२ अंशांवर गेलं की पत्र्याला हात लावता येत नाही. बंद गाडीच्या आत तर त्याहून किती तरी जास्त. टाकीतला गॅस फुगत गेला, फुगायला जागा नव्हती. टाकी द्रवानं पूर्ण भरली की मग एकेका अंशाला दाब भराभर चढतो.

दुपारी एकच्या सुमारास गाडीखालून कर्कश शीळ घुमली. टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला होता. डबीच्या नळ्यांतून पांढरी वाफ रस्त्यावर उतरली आणि वर न जाता जमिनीला चिकटून उताराच्या दिशेनं पसरायला लागली. उताराला मावशींची चूल पेटलेली होती.

मावशींना वास आधी आला. एलपीजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात सडक्या कोबीसारख्या वासाचं रसायन मिसळतात. ज्यानं ही सोय पहिल्यांदा केली त्याचे आपल्यावर फार उपकार आहेत. मावशींनी भाकरी तव्यावरच टाकली, चुलीवर घागर उपडी केली आणि बाहेर येऊन ओरडल्या, “काडी ओढू नका! कुणी बटण दाबू नका! पोरं काढा हिकडनं!” एका घरात पोरगं पंख्याचं बटण बंद करायला उठलं, त्याला त्यांनी दंडाला धरून बाहेर ओढलं. बटण बंद करतानाही ठिणगी पडते, हे त्या कुठं शिकल्या देव जाणे. काका झोपेतून उठून गाडीकडं धावले, किल्ली हातात घेऊन. ती किल्ली त्यांच्या हातातून हिसकावली मावशींनीच.

दाब उतरला तसा व्हॉल्व्ह आपला आपण बसला. दोन-तीन मिनिटंच गेली असतील, गल्लीला ती फार लांब वाटली. उन्हाळ्याचा वारा होता, वाफ पांगली. अग्निशमन दलाची गाडी आली, जवानांनी लांबून टाकीवर पाणी मारून ती गार केली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

अर्ध्या तासानं मावशींनी काकांना पाण्याचा तांब्या आणून दिला. “घाबरू नको बाबा, व्हायचं ते टळलं,” म्हणाल्या. काकांना तो तांब्या तोंडाला लावता येईना. बाटला हलका का येतो, हे त्यांनी त्या दिवशी मावशींना सांगितलं. सगळं सांगितलं, नातीसमोर. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग नातीला जवळ ओढून घेतलं आणि काकांना म्हणाल्या, “हे तिला तू आधी सांगायचं होतंस.”

पुढचं थोडक्यात. शेडचा पत्ता काकांनी स्वतः पुरवठा खात्याला दिला, बाटले जप्त झाले. काकांवरही गुन्हा नोंदला गेला, दंड भरावा लागला, उन्हाळाभर गाडी बंद राहिली आणि लग्नसराईची भाडी हातची गेली. गल्लीतले काहीजण म्हणाले, स्वतःहून सांगायची काय गरज होती. मला विचाराल तर त्या साऱ्या प्रकरणात काकांनी केलेलं तेवढं एकच काम फायद्याचं होतं.

गाडी टोचन करून चाचांकडं नेली. चाचांनी हवाबंद डबी उघडली, नळ्या तपासल्या आणि काकांना जवळ बोलावलं. “ही डबी त्या दिवशी काढली असती, तर गॅस गाडीत भरला असता. तुम्ही किल्ली घेऊन दार उघडायला आला असता.” आणखी काही ते बोलले नाहीत. टाकी चाचणीला पाठवली, व्हॉल्व्हचा पूर्ण संच नवीन घातला आणि पुन्हा साबणाचं पाणी केलं. या वेळी ब्रश काकांनी मागून घेतला. एकेक जोड त्यांनी स्वतः बघितला. मधेच उठून त्यांनी व्हॅनमधली लाकडी फळी उचकटली आणि चाचांच्या भंगारात टाकली. चाचांनी कारण विचारलं नाही.

जूनमधे शाळा उघडल्या. पहिल्या सोमवारी गल्लीच्या तोंडाशी एक बाप पोराचा हात धरून उभा होता.

“काका, एवढा एक घ्या की. गेल्या वर्षी बसत होता की तुमच्यात, फळीवर.”

“यंदा फळी नाही.”

“अहो, मधे सगळी जागा रिकामी दिसतीय. उभा राहील तो.”

काकांनी मागं वळून बघितलं. आठ पोरं बसली होती आणि त्यांच्या पायांपुढं मोकळी जागा होती.

“ब्रेक मारला की पोरं पुढं येतात,” काका म्हणाले. “त्यांना तेवढं लागतं.” त्यांनी खिशातून डायरी काढली, पलीकडच्या आळीतल्या दुसऱ्या व्हॅनवाल्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून त्या बापाच्या हातात दिला. “माझं नाव सांगा. पण त्याला आधी विचारा, किती पोरं बसवतोस म्हणून. आणि दाराशी उभं राहून मोजा.”

मग त्यांनी दार लावलं, पेट्रोलवर गाडी सुरू केली आणि इंजिन तापेपर्यंत बटणाला हात न लावता हळूहळू गल्लीतून निघाले.