शिलोस जाऊन पाहा

शास्त्रपाठ : यिर्मया ७:१२



यरुशलेमेतील लोक मंदिराचे नाव वारंवार घेत आणि त्या नावाच्या आडोशास निर्भय राहत. तेव्हा संदेष्ट्याने त्यांस सांगितले की, शिलो येथे जा, आणि देवाने आपल्या पहिल्या निवासस्थानाचे काय केले ते पाहा. निडीच्या मनुष्यास शिलो फार दूर. परंतु रोह्यावरून वाहणाऱ्या कुंडलिकेच्या काठाने समुद्रापर्यंत गेले, तर आपणांसही एक शिलो सापडतो.

नदीच्या मुखाशी उत्तरेस रेवदंडा व दक्षिणेस कोर्लई. रेवदंडा हा पोर्तुगालच्या राजाचा किल्ला. त्याच्या तटाच्या आत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन व जेझुइट अशा निरनिराळ्या संघांची देवळे होती. फ्रान्सिस झेवियरच्या नावाचे लहान प्रार्थनामंदिरही होते. इ. स. १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने कित्येक महिने वेढा दिला, तरी किल्ला पडला नाही. १५९४ साली कोर्लईचा डोंगरही पोर्तुगिजांनी घेतला व तेथे देऊळ बांधले. आता आपणांस कोण हलविणार, असे त्यांस वाटले असल्यास नवल नाही. तथापि ज्या किल्ल्यास तोफा पुरल्या नाहीत, तो १७४० साली एका तहाच्या कागदाने मराठ्यांच्या हाती गेला. आज रेवदंड्यास त्या भिंतींभोवती नारळी-पोफळी वाढल्या आहेत, आणि वेदीच्या जागी पाऊस पडतो.

हे वाचून कोणी म्हणेल, "ती रोमी लोकांची देवळे, आपणांस त्यांचे काय?" बंधूंनो, यिर्मयाने शिलोचे नाव परक्यांपुढे नव्हे, तर आपल्याच लोकांपुढे घेतले. त्याच अध्यायात परदेशी, अनाथ व विधवा यांजवर होणाऱ्या जुलमाविषयी तो बोलतो. पोर्तुगालच्या ज्या राजसत्तेने हे तट उभारले, तिनेच १५६० साली गोव्यात धर्मन्यायासन बसवून मनुष्यांच्या विवेकावर जबरदस्ती केली. देवाचे नाव वर व जुलूम खाली, असे घर आपणही बांधू शकतो; त्यास राजा लागत नाही.

आता कोर्लईस चला. डोंगरावरील देवळास छप्पर राहिले नाही. परंतु पायथ्याशी गाव आहे, आणि तेथील ख्रिस्ती लोक अद्याप उपासनेस जमतात. पोर्तुगीज व मराठी यांच्या सहवासातून झालेली त्यांची बोली अजून त्यांच्या घरांत बोलली जाते; तिला ते आपली भाषा म्हणतात. राजा गेला, शिबंदी गेली. राहिले ते पायथ्याचे गरीब लोक. त्यांच्या सर्व शिकवणीशी आपले मत जुळत नाही, तरी हे पाहून मला लाज वाटली.

लाज का, ते सांगतो. एका पावसाळ्यात माझ्या मंडळीच्या उपासनामंदिराची कौले वाऱ्याने उडाली. छप्पर होईपर्यंत उपासना बंद ठेवावी असे ठरले, आणि मी पाळक असून त्यास मान्यता दिली. खरे कारण कौले नव्हते. ओटी मोठी अशी एकाच बंधूची होती, आणि पूर्वीच्या जातीमुळे त्याच्या ओटीवर बसण्यास दोन कुटुंबे तयार नव्हती. मी तो प्रश्न कौलांखाली झाकला. दोन महिने आम्ही वर्गणी गोळा केली, आणि प्रभूच्या मेजाभोवती एकदाही जमलो नाही.

अखेरीस एक म्हातारी विधवा माझ्याकडे येऊन म्हणाली, "पाळकबाबा, छप्पर माझ्या घरालाही नाही धड. तिथं या." त्या रविवारी आम्ही अकरा जण तिच्या पडवीत बसलो. त्या दोन कुटुंबांपैकी एक आले. दुसऱ्याच्या दारी मी अजून जातो.