डांबराखालची चीर

आमच्या घरी लाकडी नाव होती असं सांगितलं, की ऐकणारा आधी हसतो. औंढा नागनाथ म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढं ज्योतिर्लिंग येतं, कापसाची रानं येतात, उन्हाळ्यातले टँकर येतात. नाव येत नाही. तुम्ही मूळचे कोकणातले का, असं पुढं नोकरीत मला पुष्कळांनी विचारलं. पण आमच्या तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वरचं धरण आहे. वर जिंतूर तालुक्यात येलदरी. तिथल्या वीजघरातून सुटलेलं पाणी खाली सिद्धेश्वरात येतं आणि मग कालव्यांनी परभणी-नांदेडकडं जातं. साठच्या दशकात ही धरणं झाली, तेव्हा आमचं रान दुभंगलं. थोडं अलीकडं राहिलं, चार एकर फुगवट्याच्या पाण्यापलीकडं गेलं. रान समोर दिसायचं. मायनं या काठावरून हाक मारली तर त्या काठाला ऐकू जायची. पायी जायचं म्हटलं तर मात्र वळसा घालून तीन कोस.

बरीच वर्षं आप्पांनी तो वळसा घातला. मग १९८१ च्या दिवाळीनंतर एका रात्री जेवता जेवता म्हणाले, "आपुन नाव करू."

तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, तो १ मे १९९९ ला झाला. आम्ही परभणी जिल्ह्यात होतो, आणि आमच्या गावात नाव बांधलेली कुणी पाहिलेली नव्हती. मासे धरणारे भोई होते, पण त्यांचं काम वाळलेल्या भोपळ्यांच्या सांगडीवर नाहीतर ट्यूबवर चालायचं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं लहानपणी गोदावरीवर नावा बघितल्या होत्या. त्यानं मातीत काडीनं नाव काढून दाखवली. सुतारकाकांनी ती बघितली आणि म्हणाले, "ही तर गाडीची साटीच हाय. फकस्त पानी आत येऊ द्यायचं न्हाई."

एवढ्या भांडवलावर आमच्या अंगणात काम सुरू झालं. सागवान परवडणारं नव्हतं. बांधावरचा एक जुना आंबा पाडून त्याच्या फळ्या कापून आणल्या. आतल्या फासळ्यांना बाभूळ. गाडीला, वखराला सरळ बाभूळ लागते, पण फासळ्यांना वाकडी हवी होती. सरपणात टाकलेल्या वाकड्या फांद्यांना त्या वर्षी एकदम किंमत आली. नाव दहा हात लांब, अडीच हात रुंद, बूड सपाट. फळ्यांच्या सांध्यांत घरचाच कापूस वळून, जवसाच्या तेलात भिजवून, बोथट पटाशीनं ठोकून बसवायचा आणि वरून राळ घातलेलं गरम डांबर ओतायचं. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. रंधा मारणं, भोकं पाडणं, खिळे ठोकणं ही कामं माझ्याकडं होती.

सुतारकाकांनी मला पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावली होती. फळीच्या शेवटाला खिळा मारायचा तर आधी गिरमिटानं भोक पाडायचं. तसाच मारला तर लाकूड रेषेत चिरतं. "मधात चाललं एखांद्या टायमाला, पर शेवटाला न्हाई," ते म्हणायचे.

महाशिवरात्रीच्या दिवशी बुडाच्या शेवटच्या फळ्या बसवायच्या राहिल्या होत्या. उपास म्हणून सुतारकाका दुपारीच घरी गेले. औंढ्याला जत्रा होती आणि मित्र बैलगाडी जुंपून वेशीत थांबले होते. आप्पा म्हणाले, तेवढे खिळे मार आणि जा. खिळे होते चौदा. पहिल्या आठांना मी गिरमीट फिरवलं. वेशीतून हाका यायला लागल्या, तशी उरलेले सहा तसेच मारले. पाचव्या खिळ्याला बारीकसा आवाज झाला. वाळलेली शेंग फुटावी तसा. फळीला वीतभर चीर गेली होती.

फळी काढून दुसरी बसवायची तर अख्खा दिवस. मी चिरीत कापूस दाबला, वरून डांबर फासलं, आणि शेजारच्या धड सांध्यांवरही तेवढंच जाड फासलं, म्हणजे वेगळं काही दिसू नये. सगळं लबाडीचं काम त्या दुसऱ्या फासण्यात आहे, हे मला आज कळतं. चीर घाईनं गेली होती. शेजारच्या धड जागेवर डांबर फासताना मात्र मला घाई नव्हती.

रात्री औंढ्याला दर्शनाच्या रांगेत उभा राहिलो. नागनाथाचा गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद वाटेनं वाकून, अंग चोरून उतरावं लागतं. खाली उतरताना माझ्या हातांना डांबराचा वास येत होता. रांगेत पुढं एक म्हातारी नातीला विसोबा खेचरांची गोष्ट सांगत होती. आमच्याकडं ही गोष्ट पोरांना पाळण्यातच कळते. नामदेव गुरू शोधत इथं आले, तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, जिथं देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव बाबा. नामदेव पाय ठेवत गेले आणि जिथं ठेवावे तिथं पिंड उगवत गेली. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. त्या रात्री पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की मी आजच एक अशी जागा करून आलोय, जिथं कुणी बघणार नाही.

नाव पाण्यात घातली तेव्हा ती गळाली. मला घाम फुटला, पण भोईमामा हसले. नवी नाव दोन दिवस पाणी पिते, लाकूड फुगतं, सांधे आपोआप आवळतात, हे त्यांना ठाऊक होतं. तसंच झालं. तिसऱ्या दिवशी आतलं पाणी थांबलं. कोणत्या सांध्यातून किती आलं होतं, हे कुणी विचारलं नाही. सगळंच गळत होतं, त्यात माझंही खपून गेलं.

बांधली आमच्या चार एकरांसाठी, पण ती बघता बघता गावाची झाली. पलीकडं रान असलेली आणखी घरं होतीच. कडबा यायचा, शेळ्या जायच्या, बाळंतिणीला बघायला सुईण जायची. आप्पांनी कुणाकडून एक पैसा घेतला नाही. सहापेक्षा जास्त माणसं बसवायची नाहीत एवढाच दंडक होता, आणि तो वेचणीच्या दिवसांत रोज मोडायचा.

त्याच वर्षीच्या कार्तिकातली ती संध्याकाळ. पलीकडून आठ बाया कापूस वेचून परत निघाल्या. त्यांत माझी माय होती. कापसाची गाठोडी मांडीवर, वल्ह्यावर आप्पा. नाव मधात आली आणि वारं सुटलं. पाणी कडांना लागून आत उडायला लागलं. मी अलीकडच्या काठावर उभा होतो. बायांनी गाणं थांबवलं आणि एकमेकींचे दंड धरले. त्यांतल्या एकीलाही पोहता येत नव्हतं. त्यांना वाऱ्याची भीती वाटत होती. मला त्या वीतभर चिरीची वाटत होती, आणि ती चीर त्या आठजणींच्या पायांखाली आहे हे जगात मला एकट्यालाच ठाऊक होतं.

नाव आली. काही झालं नाही. बाया उतरल्या, लुगडी पिळली, हसल्या. माय म्हणाली, "तोंड कामून असं केलंस? आलो की आमी."

इथून माझा प्रश्न सुरू होतो. काही झालंच नाही, तर मी केलं काय?

मी त्या रात्री बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग दर उन्हाळ्यात नाव वर ओढून लिंबाखाली पालथी घातली, की मी न सांगता डांबर तापवायचो आणि बुडाला हात द्यायचो, त्या जागेला दोन हात जास्त. आप्पा गावभर सांगायचे, पोरगं नावेला लई जपतंय. ती स्तुती ऐकून मला बरं वाटायचं, हे अधिक वाईट. भीतीपोटी केलेल्या कामाला माझ्यादेखत माया हे नाव मिळालं आणि मी ते ठेवून घेतलं. नऊ वर्षं नाव चालली. मग आंब्याचं लाकूड सडायला लागलं तशी आप्पांनी ती मोडली. चिरलेली फळी चुलीत गेली. पुरावा म्हणाल तर तिथंच संपला.

पुढं वाचण्यात आलं, की जुन्या भारतीय दंड संहितेत २८२ वं कलम होतं. जीव धोक्यात येईल अशा अवस्थेतल्या किंवा तेवढी भरलेल्या नावेतून, भाडं घेऊन, जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं माणसांची ने-आण केली तर शिक्षा. नाव बुडावीच लागते असं त्यात नव्हतं. आम्ही भाडं घेत नव्हतो, म्हणजे कायद्यातून मी सुटलो. आणखी पुढं क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाचा १८७७ सालचा एक निबंध सापडला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, डागडुजीला आलेलं. पण ते आजवर तरलं, याही वेळी तरेल अशी तो स्वतःची समजूत घालतो आणि माणसं भरून पाठवतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, हा दोषी, यात वाद नाही. पण समजा तेच जहाज सुखरूप पोचलं असतं, तर मालकाचा दोष कमी झाला असता का? तसूभरही नाही.

वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. वीस वर्षं मी स्वतःला सांगत होतो, की कुणाचं काही बिघडलं नाही. पण न बिघडणं ही माझी कमाई नव्हतीच. ती पाण्याची होती, फुगलेल्या लाकडाची होती, कापसाच्या बोळ्याची होती. माझं काम महाशिवरात्रीच्या संध्याकाळी पूर्ण झालं होतं, आणि ते काम वाईट होतं. वारं आणखी जरा जोरात सुटलं असतं, तर त्याच कामाला गावानं वेगळं नाव दिलं असतं. काम तेच राहिलं असतं. त्या जहाजमालकाची बाजू माझ्यापेक्षा बरी म्हणायची. त्यानं निदान स्वतःला फसवलं होतं. मला चीर दिसली होती.

एवढं कळलं, पण दोष मान्य करून पुढं करायचं काय, हे त्या निबंधात नव्हतं. नाव नाही, फळी नाही, कुणाचं नुकसान नाही. माफी कशाची मागायची?

माय गेली त्या वर्षी, दिवस झाल्यावर, एका रात्री आप्पांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

"मंग दरसाल डांबर लावायलास ते ह्याच्यापायी?"

"हो."

"अन् मी गावभर सांगत फिरायलो."

उठून बाहेर गेले. मला वाटलं, विषय संपला. सकाळी दावणीपाशी शेण भरता भरता म्हणाले, "त्या बायांला सांगाया पायजे."

मी म्हणालो, "आप्पा, आता काय उपयोग? सुखरूप आल्या ना सगळ्या?"

"ठेव वापस केली म्हून हिशेब द्यायाचा न्हाई का? त्यांनी जीव ठेवला व्हता आपल्यापाशी. तो कसा ठेवला ते त्यांला कळाया पायजे. मंग त्या काय म्हनतील ते म्हनतील."

आप्पा चौथी शिकलेले. पण मला अडलेली गाठ त्यांनी तिथं सोडवली. मी इतकी वर्षं नुकसानच मोजत बसलो होतो आणि ते शून्य येत होतं. विश्वास टाकणाऱ्या माणसाला एक हक्क असतो: आपण कशावर विश्वास टाकला होता, हे कळण्याचा. तो मी त्या बायांकडून काढून घेतला होता. त्यांना माहीत असतं तर कुणी वळसा घालून आली असती, कुणी तरीही बसली असती. ते त्यांनी ठरवायचं होतं. मी डांबर फासून ते परस्पर ठरवून टाकलं होतं. आणि हे नुकसान नाव तरली म्हणून भरून निघत नाही.

मी गेलो. पहिल्या दोघी नुसत्या हसल्या. एक म्हणाली, जाऊ दे बाबा, त्याला किती दिस झाले. तिसरी मायची मैत्रीण, वयानं पार वाकलेली. ओसरीवर शेंगा फोडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. हात थांबवला नाही. मग म्हणाली, "आमाला पवता येत नव्हतं. तुला बोलता येत व्हतं की रे."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. तिनं सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला. शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं. चहा होईपर्यंत मी शेंगा फोडत बसलो.

आठांपैकी पाचजणींना सांगून झालं. दोघी त्याआधीच गेल्या होत्या. घरी येऊन आप्पांना तसं सांगितलं. त्यांनी बोटं मोजली.

"सात झाल्या."

"आठवी माय होती," मी म्हणालो.

आप्पा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिच्या वाटचं मी ऐकलं."